बावीस आटे आणि बापूचा फोन

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या भागाचा पाण्याचा दिवस असेल, त्या भागाचा वॉल्व कुणीतरी जाऊन उघडावा लागतो. तो कुणीतरी म्हणजे मी. एकवीस वर्षं झाली, छत्रपती संभाजीनगरात लाइनमन आहे. मोटारसायकल, खांद्यावर लांब लोखंडी चावी, आणि डोक्यात चौदा वॉल्व. कुठला वॉल्व कुठल्या झाकणाखाली आहे आणि किती आटे फिरवला की पूर्ण उघडतो, हे मी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. त्यामुळं मला विसरण्याचा आजार झाला तेव्हा तो माझ्या एकट्याचा राहिला नाही. दोन गल्ल्यांतल्या बायका घागरी घेऊन आमच्या दारात आल्या.

आता मी बरा आहे. म्हणजे कामावर जातो, जेवतो, घरच्यांवर चिडतो. ज्यांना हल्ली काही आठवेनासं झालंय आणि जे घाबरून कुणाला सांगत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांची नावं मला विचारू नका, ती मला तेव्हाही पाठ नव्हती.

*

सुरुवात माझ्या धाकट्या भावापासून करावी लागेल. त्याला आम्ही बापू म्हणायचो. देवगाव रंगारीजवळच्या आमच्या गावात तो वडिलांमागं मेंढरं सांभाळायचा. मी शहरात आलो, तो कळपामागं राहिला. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी, शेतात खतासाठी मेंढरं बसवलेली असताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो तिथंच गेला. बेचाळीस वर्षांचा होता.

मी गावी गेलो. खांदा दिला, अग्नी दिला, दहाव्याला डोकं भादरलं. आल्यागेल्याला चहा झाला का, हेही मीच पाहत होतो. लोक म्हणत होते, दादा लई खंबीर माणूस. खंबीर वगैरे काही नव्हतं. पायाला मुंग्या येऊन पाय बधिर झाला की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं मला सगळीकडं झालं होतं. मला रडू येत नव्हतं आणि रडू येत नाही याचं वाईटही वाटत नव्हतं.

तेराव्याच्या दिवशी बापूच्या बायकोनं, मंगलनं, एक प्रश्न विचारला. मला नाही, माझ्या बायकोला. मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. वीस वर्षांत ती माझ्याशी थेट एक शब्द बोललेली नव्हती. काही सांगायचं झालं तर मधे माझी बायको शकुंतला असायची. तेव्हाही मंगल दाराआडून म्हणाली, "अक्का, दादांना इचारा. ह्यांच्या मोबाइलात शेवटचा फोन दादांनाच लावलेला हाय. काय म्हणले त्ये?"

शकुंतलानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "आठवत नाही."

 दाराआड बांगड्यांचा आवाज झाला आणि मंगल आत निघून गेली. मी लपवतोय, असं तिला वाटलं. तिच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

*

मी खोटं बोलत नव्हतो. फोन माझ्याही मोबाइलमध्ये दिसत होता. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं, बोलणं दोन मिनिटं चाळीस सेकंद. त्यानंतर चार तासांत बापू गेला.

त्या सकाळचं मला सगळं आठवतं. पिठाच्या गिरणीजवळचा वॉल्व होता. त्याला बावीस आटे आहेत आणि तो जुना, जड आहे. आटे मोजावेच लागतात. कमी झाले तर गल्लीच्या टोकाच्या घरांना पाणी चढत नाही, आणि शेवटाला आल्यावर जोर लावला तर आतला दांडा तुटतो. मधे थांबलं की मोजणी चुकते, मग बंद करून पहिल्यापासून सुरुवात. म्हणून आम्ही लाइनमन लोक चावी फिरवताना फोन आला तर तो कान आणि खांद्याच्या मधे धरतो, तोंडानं हां हां करतो आणि मनात आकडे म्हणतो. सगळेच करतात.

सतराव्या आट्याला चावी अडकली होती, ते आठवतं. मी पाय रोवून जोर लावला, अठरा. गिरणीतून ज्वारीच्या पिठाचा वास येत होता. बापूचा आवाज कानात होता. मी "हां... हां... बरं" म्हणत होतो. बावीस झाले आणि फोन ठेवला.

तो काय म्हणाला, त्यातला एक शब्द मला आठवत नाही.

*

त्यानंतर बाकीचंही जायला लागलं. आधी बारीकसारीक. भाजी आणायला गेलो आणि पिशवी घेऊन तसाच परत आलो. गाडीची किल्ली गाडीलाच ठेवली. शकुंतलाची थट्टा चालायची, "माझं नाव तरी ध्येनात हाय ना?" मग एक दिवस जेवलो की नाही तेच कळेना आणि माझं ताट खरकटं आहे का ते जाऊन पाहिलं. तिनं थट्टा बंद केली.

मग मी एक वॉल्व बंद करायला विसरलो. दिवसभर एका वसाहतीत रस्त्यावरून पाणी वाहत राहिलं आणि पुढच्या भागाला थेंब मिळाला नाही. त्यांनी आठवडाभर त्या दिवसाची वाट पाहिली होती. बायका दारात आल्या तेव्हा त्या मला वाट्टेल ते बोलल्या आणि मी ऐकून घेतलं. मला लाज वाटायला हवी होती. एखाद्या लांबच्या गावातली बातमी ऐकावी तसं मी ऐकत होतो.

शेवटी एका सकाळी चावी घेऊन मी चौकात उभा राहिलो आणि पुढचा वॉल्व कुठं आहे, हे मला समजेना. एक बाई गॅलरीतून ओरडली, "ओ लाइनमन, आज आमचा दिवस हाय ना?"  मी तिथंच कट्ट्यावर बसलो. सोबतच्या कामगारानं मला घरी आणून सोडलं.

शकुंतलाला वेगळीच धास्ती होती. माझी आई शेवटची तीन वर्षं सगळं विसरली होती. मला "पाव्हणं" म्हणायची, पाणी घ्या म्हणायची. शकुंतलानं तिचं सगळं केलं होतं. आता माझंही तेच करावं लागणार, असं तिनं मनाशी धरलं. ती स्वयंपाकघरात रडायची, ते मला ऐकू यायचं. मी उठून जायचो नाही.

*

सरकारी दवाखान्यात डॉक्टरमॅडमनी माझी परीक्षा घेतली. तीन शब्द सांगितले, थोड्या वेळानं परत विचारले. शंभरातून सात वजा करत जा म्हणाल्या. ते मी न थांबता केलं, मोजणं हा माझा धंदाच आहे. घड्याळाचं चित्र काढायला लावलं. रक्त घेतलं, डोक्याचा फोटो काढला.

मी सोबत एक कागद नेला होता. काय काय विसरलो, त्याची यादी. मॅडमनी ती पूर्ण वाचली आणि विचारलं, "ही कुणी लिहिली?"

"मीच."

"तुमच्या आईनं अशी यादी केली असती का?"

शकुंतला पटकन म्हणाली, "छ्या! त्यांना तर इसरल्याचं बी कळत नव्हतं."

"हेच मला म्हणायचंय," मॅडम म्हणाल्या. रिपोर्ट आले त्या दिवशी त्यांनी सांगितलं की मेंदू ठीक आहे, हा आईचा आजार नाही. हे डिप्रेशन आहे. मन इतकं थकलं, मिटलं की लक्षच लागत नाही, आणि लक्ष लागलं नाही की लक्षात राहत नाही.

शकुंतलानं आधी हात जोडले. मग घाबरून हळूच विचारलं, "म्हंजी येड लागलं का वो?" मॅडम हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, "नाही. दुखणं आहे, बरं होतं. पण ते जेवत नाहीत, वजन फार उतरलंय. थोडे दिवस इथं ठेवू."

आनंद व्हायला हवा होता. मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होतो. ते मागच्या महिन्याचंच होतं.

नातेवाइकांना शकुंतलानं सांगितलं की पोटाचं दुखणं आहे.

*

मानसिक आजाराच्या वॉर्डात माणूस कसा राहतो, याची फार भीती असते, म्हणून सांगतो. आत जाताना माझ्या पायजम्याची नाडी काढून घेतली. नियमच आहे, कुणी स्वतःला काही करून घेऊ नये म्हणून. शकुंतला दुसऱ्या दिवशी इलॅस्टिक घालून दोन पायजमे घेऊन आली, तोवर मी एका हातानं पायजमा धरून फिरलो. सकाळी सिस्टर गोळी द्यायची आणि जीभ वर करायला लावायची, गिळली का पाहायला. मग उपमा. मग वऱ्हांड्यात चकरा. दुपारी गोळीची झोप. कुणी कुणाला मारत नाही, कुणाला बांधलेलं मी पाहिलं नाही. कंटाळा मात्र फार.

माझ्या शेजारच्या खाटेवर सिल्लोडचे एक म्हातारे चाचा होते. पूर्वी कापसाचा व्यापार करायचे. त्यांचं मात्र माझ्या आईसारखं झालं होतं. रोज सकाळी ते नव्यानं विचारायचे, "तुम कौन, मियाँ?"

"लाइनमन हूँ चाचा. पानी छोडता हूँ."

"हमारे सिल्लोड को कब छोडते?"

"कल छोडता."

"हौ, याद से छोडो," म्हणायचे आणि अर्ध्या तासात तेच विसरायचे. मी उपमा ठेवून दिला तर चाचा रागवायचे, "खाओ मियाँ, नखरे नक्को." त्यांच्या धाकानं मी खायला लागलो. औषधाचं श्रेय औषधाला, पण थोडं चाचांनाही द्यायला हवं.

*

एका दिवशी मी मॅडमना बापूच्या फोनचं सांगितलं. विचारलं, माणूस विसरतो कशानं?

त्यांनी मला समजेल असं सांगितलं. एक तर गोष्ट आत शिरतच नाही. कान ऐकतो, लक्ष दुसरीकडं असतं, मग नोंदच होत नाही. जे ठेवलंच नाही ते शोधून सापडत नाही. दुसरं, गोष्ट आत असते पण तिच्यापर्यंतची वाट सापडत नाही. मग एखादा वास, एखादी जागा ती वाट दाखवते. तिसरं, सारख्या सारख्या गोष्टी एकमेकींवर चढतात. बापू रोज फोन करायचा आणि रोज मी कुठल्यातरी वॉल्ववर असायचो. मग त्या दिवसाचं बोलणं वेगळं निघत नाही. आणि चौथं, काही गोष्टी इतक्या दुखऱ्या असतात की मन त्या समोर येऊच देत नाही.

"मग यातलं माझं कुठलं?" मी विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही. कदाचित दोन-तीन मिळून असेल."

हे ऐकून मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं. भीती वाटली. पहिलं कारण असेल, तर मी माझ्या भावाचं शेवटचं बोलणं ऐकलंच नाही. चौथं असेल, तर त्यात असं काहीतरी आहे जे मला सहन होणार नाही. "दादा, छातीत दुखतंय" असं तो म्हणाला असेल आणि मी "हां, बरं" म्हणालो असेन. दोन्हीतलं बरं कुठलं, ते मी त्या खाटेवर पडून ठरवत राहिलो. ठरलं नाही.

मॅडमनी जाता जाता आणखी एक सांगितलं होतं. मनाला रिकामी जागा चालत नाही. ते तिथं काहीतरी आणून बसवतं, आणि मग तेच खरं वाटायला लागतं.

याचा अनुभव मला चाचांमुळं आला. एका सकाळी मी त्यांना बापूची गोष्ट सांगितली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या नाही. दुसऱ्या दिवशी ते विसरले होते, म्हणून मी परत सांगितली. मग ते रोजचंच झालं. पहिले दोन दिवस मी म्हणालो की काय बोलला ते आठवत नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "छातीत दुखतंय म्हणाला." पाचव्या दिवशी मी सांगत होतो, "मंगलला सांभाळ म्हणाला." आणि मला त्याचा आवाज ऐकू येत होता, अगदी तसाच, थोडा घोगरा. दोन्ही वेळा शपथेवर सांगितलं असतं. सहाव्या दिवसापासून मी ती गोष्ट सांगणं बंद केलं.

*

वीस दिवसांनी घरी आलो. गोळ्या पुढंही बरेच महिने होत्या. वॉल्व हळूहळू आठवायला लागले. रस्त्यावरून जाताना झाकण दिसलं की आकडा आपोआप यायचा. आता मात्र मी चौदाही वॉल्व वहीत लिहून काढलेत, आणि चावी फिरवताना फोन उचलत नाही. वाजू देतो. काम झालं की मीच परत लावतो. सोबतचे हसतात.

घरातल्यांना एक सांगतो. "मनाला लावून घेऊ नका" असं आजारी माणसाला सांगू नका. त्याच्या मनाला काही लागतच नसतं, तोच तर आजार असतो. शकुंतला काही बोलायची नाही, समोर ताट ठेवून बसायची. तेवढं पुरे. आणि पोटाचं दुखणं म्हणून सांगू नका. नंतर लोक ओवा घेऊन येतात.

मंगलचा प्रश्न मात्र तसाच होता. दर फोनला ती शकुंतलाला विचारायची, "दादांना काय आठवलं का?" चाचांना मी काय काय सांगितलं, ते शकुंतलाला माहीत होतं. वर्षश्राद्धाला जायच्या आधी ती मला म्हणाली, "सांगून टाका ना. 'मंगलला सांभाळ' म्हणला म्हणा. तिचा जीव थंड व्हईल. कुणाचं काय बिघडतंय?"

मला ते पटलं होतं. अवघड काहीच नव्हतं. बापूचा तो आवाज माझ्या कानात तयारच होता.

*

श्राद्धाचं जेवण उरकलं, माणसं पांगली. आम्ही पडवीत बसलो होतो. मंगल आतल्या दाराशी उभी होती, डोक्यावर पदर. शकुंतलानं मला कोपरानं डिवचलं.

मी शकुंतलाला म्हणालो, "तिला सांग..."

"मी आयकतेय, दादा," मंगल म्हणाली. ती दारातून बाहेर आली आणि माझ्यासमोर खाली बसली. "माझ्याशीच बोला."

वीस वर्षांत पहिल्यांदा मी तिचा चेहरा नीट पाहिला. ठरवलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. ते निघालं नाही.

"मंगल, मी ऐकतच नव्हतो," मी म्हणालो. "मी वॉल्वचे आटे मोजत होतो. तो बोलत होता आणि मी नुसतं हां हां करत होतो. छातीत दुखतंय म्हणाला असेल, तरी मी हां म्हणालो असेन. मला माहीत नाही. आणि आता आठवणारही नाही."

शकुंतलानं तोंडाला पदर लावला. 

"त्या दिशी सकाळी आमचं भांडण झालं व्हतं," मंगल म्हणाली. "कशावरनं, ते मला बी आता आठवत नाय. लई आठवून पाह्यलं. डबा दिला नाय मी त्यांना, येवढंच ध्येनात हाय. उपाशी गेले. फोनवर तुमच्यापाशी माझं गाऱ्हाणं केलं का, मला येवढंच पायजे व्हतं."

शकुंतला माझ्याकडं डोळे मोठे करून पाहत होती. नाही म्हणा, एवढंच तर म्हणायचंय. मलाही म्हणावंसं वाटत होतं, फार वाटत होतं.

"मला माहीत नाही, मंगल," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "चुलतसासरे म्हणले, बापू देवाचं नाव घेत गेला. मामा म्हणले, मंगलचं नाव घेतलं. शेजारची म्हणली, पोरांचं. तिथं कोण व्हतं, दादा? मेंढरं व्हती नुसती. सगळ्यांनी मला कायबाय सांगितलं. तुम्ही एकट्यानं माहीत नाय म्हणलं. आता नाय इचारायची मी कुणाला."

मी काहीतरी बोलायला गेलो आणि घशातून भलताच आवाज निघाला. ते रडणं आहे, हे मलाच आधी कळलं नाही. मग ते थांबेना. वर्षभराचं सगळं एकदम आलं. बापू मेला होता. माझा भाऊ मेला होता आणि मी ते आत्ता ऐकत होतो.

शकुंतला मला आवरायला उठली. मंगलनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"रडू द्या, अक्का," ती म्हणाली. "लई दिस लावले त्यांनी."